सामनेवाला लग्नकार्यात व्यग्र

हेमांगी धुळे-जळगाव एसटीवर कंडक्टर. खच्चून भरलेल्या गाडीत झिंगलेल्या माणसालाही ती तिकिटाशिवाय सोडत नाही. पण सात वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून गेलेला नवरा, जितेंद्र, तिला कुठल्याच थांब्यावर सापडला नाही. त्याच्यावाचून तिचं अडतही नव्हतं. आता मात्र अडलं. मुलगी मोनाली कुस्तीच्या संघातून परदेशी निघालेली, आणि पासपोर्टवाल्यांनी बापाची संमती मागितली. बाप नसेल तर एकटी आईच पालक, असा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. हातात दोन महिने.

वकील लीलाधरभाऊंनी अर्ज टाकला. आता सामनेवाल्याला, म्हणजे जितेंद्रला, नोटीस द्यायची. त्याचा शेवटचा ठाऊक पत्ता? हेमांगीचंच पारोळ्याचं घर. नवरा घरात नाही म्हणून बाई कोर्टात गेली, आणि कोर्टाचा बेलीफ त्याला शोधत तिच्याच दारात आला.

ती ड्यूटीवर होती. घरी सासरे, हिलाल आबा. त्यांनी बेलीफला चहा पाजला नि सांगितलं, "जितू बाहेर गयेल शे. यी जाई." बेलीफचं लक्ष खिळ्याला टोचलेल्या लग्नपत्रिकांकडे गेलं. आमच्याकडे पत्रिकेत भाऊबंदांचं एकही नाव गळून चालत नाही. गळालंच तर पुढची दहा वर्षं रुसवा. त्या सहाही पत्रिकांत स्वागतोत्सुक म्हणून जितेंद्र होता. एक तर परवाच्याच लग्नाची. बेलीफनं अहवाल लिहिला: सामनेवाला लग्नकार्यात व्यग्र आहे.

"सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस लोकांना आग्रहाचं निमंत्रण कसं देतो?" न्यायाधीशांनी विचारलं. हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन ती सासऱ्यांवर पहिल्यांदाच कडाडली, "आबा, त्यासनं नाव कोन छापस?"

"मीच सांगस छापाले," आबा म्हणाले. "नाव काढं तं लोके म्हनतीन, हिलालना पोऱ्या गया."

"तो गयाच शे, आबा. आते पोरनं जानं बी राही जाई."

पुढचे दोन दिवस आबा मोनालीनं चार हाका मारल्या की ताटावर येऊन बसायचे, तेवढंच. तारखेच्या सकाळी मात्र धुतलेलं धोतर नेसून ते हेमांगीच्या आधी ओट्यावर उभे.

"मुलगा कुठे आहे?" न्यायाधीशांनी साक्षीत विचारलं.

"माले ठाव नही, साहेब." आबांनी टोपी काढून हातात धरली. "सात वरीसमा फोन बी नही. पत्रिकामा मीच छापी लेस."

"मुलीला कोण सांभाळतं?"

"हेमांगी सांभाळस." आबा पिंजऱ्यातून उतरायला लागले आणि पायरीवर थांबले. "माले बी तीच सांभाळस, साहेब. तसा बी एक कागद करी द्या."

मोनालीचा आदेश त्याच आठवड्यात झाला. आबांचा कागद कुठल्या कलमात बसेना. नवरा गेला तेव्हा न रडलेली हेमांगी मात्र आबांच्या साक्षीच्या दिवशी भर कोर्टात, वकिलांच्या खुर्चीमागे, हुंदके देऊन रडली.