कोरडा अंगठा
सॅनिटायझरचा वास आला की गोहलपुरातलं आमचं बँकेचं छोटं केंद्र आठवतं. टाळेबंदीत शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारी मदत आली होती, पण ती अंगठा लावूनच मिळायची. भेडाघाटकडचा एक शेतकरी आईच्या औषधासाठी चकरा मारून राहिला होता. सॅनिटायझरनं कोरडा पडलेला त्याचा अंगठा मशीन घेतच नव्हती. “केसांवरून फिरवा, तेल लागलं की घेते,” मी शेवटी एक दिवस सुचवलं. त्यानं गमछा सोडला. डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं होतं. “आता कुठं घासू, भैया?” तो म्हणाला. कुणाला शिवायची मनाई असताना मी माझंच डोकं पुढे केलं. मशीननं अंगठा लगेच घेतला. अजूनही तेल लावताना तो खरखरीत अंगठा टाळूवर फिरतो.