मारुतीचा शेंदूर आणि कमळचा ट्रक

आमच्या धाकूला बहिरा म्हणायचा हक्क फक्त माझा. थोरली बहीण आहे मी त्याची. पण गॅरेजचा शेठ जेव्हा चार पोरांसमोर म्हणाला, "ज्याला ऐकूच येत नाही, तो गाडीचा आवाज काय बंद करणार?" आणि सव्वीस वर्षं राबलेल्या माणसाला घरी पाठवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. धाकू मात्र डबा घेऊन घरी आला, हात धुतले, बसला.

अख्ख्या मरोळमध्ये ट्रकच्या डिफरन्शियलला हात लावावा तर धाकूनेच. मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा दिसतो ना, त्याच्या पोटात एक मोठं चक्र आणि एक छोटं, दातात दात घालून फिरतात. मोठं ते क्राऊन, छोटं ते पिनियन. दात केसभर चुकले की गाडी रडायला लागते आणि तशीच पळवली की दातांची वाट लागते. धाकूचे कान गेले ते हेच आवाज ऐकून. कानात मशीन घातलं तर म्हणे नुसता बाजार ऐकू येतो. वर्षभर तो शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत होता. बघवत नव्हतं हो मला.

मग एक दिवस कमळ आली. कमळ म्हणजे वेसाव्याची कोळीण, बंदरावरून मासळी उचलणारा ट्रक स्वतः चालवते. तोंड सुरू झालं की हॉर्नची गरज नाही. नवे दात बसवून महिना झाला नाही, तर गाडी पुन्हा रडायला लागली होती.

"नलिनी, वीस दिवसांनी पावसाळ्यातली बंदी उठून होड्या समुद्रात जाणार गं! गाडी बंद पडली तर माझी मासळी काय मी डोक्यावर नेऊ?"

धाकूने तिला गाडी पुढेमागे घ्यायला लावली आणि स्वतः आत बसून पायाखालच्या पत्र्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग म्हणाला, "दात चुकीचे बसवलेत."

"कसं कळलं रे तुला?" मी ओठ मोठे करून विचारलं.

"हाताक कळता."

कमळने पुन्हा नवी जोडी आणली आणि म्हणाली, तूच बसव. हे फसलं तर शेठचंच खरं ठरणार होतं आणि धाकूच्या दारात पुन्हा कुणी गाडी आणणार नव्हतं.

चाळीमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधली. कमळच्या दोन हमालांनी भोपळ्यातलं ते धूड जॅकवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी नवे दात बसले. आता ते नीट बसलेत का हे बघायचं कसं? कान असते तर गाडी पळवून ऐकलं असतं. धाकूची जुनी पद्धत वेगळी. शेंदूर तेलात कालवायचा, क्राऊनच्या दातांना फासायचा आणि चक्र हाताने फिरवायचं. पिनियन जिथे घासेल तिथला शेंदूर पुसला जातो. तो डाग दाताच्या मधोमध आला तर काम झकास.

"बाय, शेंदूर दी गो."

शेंदूर संपला होता. दुकान बंद. मी म्हटलं, लाल ते लाल! देवघरातलं कुंकू तेलात कालवलं आणि वाटी नेऊन दिली.

धाकूने फासलं, फिरवलं, बघितलं. पुन्हा फासलं, पुन्हा फिरवलं. चष्मा पुसला, बॅटरी जवळ धरली. मग वाटी खाली ठेवून जमिनीवर बसला. कुंकू तेलात पसरून सगळा दात सारखाच लाल झाला होता, डाग म्हणून दिसतच नव्हता.

"कान गेले, आता डोळेय गेले. कमळेक सांग, माझ्याच्यान होणा नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याच्या समोर बसले, त्याचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "कुंकू होतं रे ते! मी दिलं. डोळ्यांना काही झालेलं नाही तुझ्या!"

तो असा काही ओरडला की अख्खी चाळ बाहेर आली. वर्षभराने भावाच्या शिव्या खाल्ल्या, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नाक्यावरच्या मारुतीचं भाऊराव बघतात. मी धावत त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी शनिवारसाठी आणलेली शेंदराची पुडीच माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ने गं. या शनिवारी देव जुन्या रंगावर भागवेल."

पहिला डाग दाताच्या मुळाशी आला. धाकूने सगळं उघडून पिनियनमागची पत्र्याची चकती बदलली. दुसरा डाग टोकाला. पुन्हा उघडलं. हमाल कंटाळले, मी चहा देऊन देऊन दमले, पण याचं तोंड उजळतच चाललेलं. तिसऱ्या वेळी डाग पडला दाताच्या बरोब्बर मधोमध, पेराएवढा. एका दातावर नाही, सगळ्या दातांवर!

गाडी जोडून आम्ही तिघं निघालो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर कमळने वेग घेतला. चाळीस. पन्नास. साठ. आणि कमळ गप्प झाली. जन्मात पहिल्यांदा.

धाकू घाबरून तिच्याकडे बघायला लागला. "काय झाला? रडता काय गाडी?"

मी त्याचा हात धरून पायाखालच्या पत्र्यावर टेकवला. पत्रा शांत होता. त्याने हात तिथेच ठेवला आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं.

कमळने काही न विचारता गाडी थेट त्या गॅरेजच्या फाटकासमोर घातली. दोनदा पुढे नेली, दोनदा मागे घेतली. शेठ बाहेर आला, कान देऊन ऐकत उभा राहिला.

"दातांचं सेटिंग कोणाचं गं?"

"ज्याला ऐकू येत नाही त्याचं!" कमळ इतक्या जोरात ओरडली की रिक्षावाले थांबले.

शेठ खिडकीशी आला आणि धाकूला काहीतरी म्हणाला. धाकूने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणता तो?"

मी ओठ मोठे करून सांगितलं, "उद्यापासून कामावर ये म्हणतो."

धाकूने शेठकडे बघितलं, शेंदराने लाल झालेल्या आपल्या बोटांकडे बघितलं आणि मस्त हसला.

"सांग त्येका," तो म्हणाला, "माका ऐकाक येत नाय."