मावशीच्या कॅसेटमधला श्वास

माझ्या मावशीला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही, कारण मला याच घरात राहायचंय. पण एका बँडच्या बारा गाण्यांबद्दल ती बोलायला लागली, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई त्यांच्या तालमीला जाऊन बसत होती.

मावशी टायपिंगचा क्लास चालवते. पुढच्या खोलीत दोन रांगांत बारा मशीन. त्यातल्या एकाची कागद सरकवणारी कॅरेज अडकते, म्हणून ते कायम झाकलेलं. मागच्या खोलीत आम्ही दोघी राहतो. भिंतीवर कुठलं बोट कुठल्या कळीवर त्याचा तक्ता, शेजारी सरकारी मान्यतेचं पत्र काचेत घालून, आणि मावशीच्या टेबलावर टेपरेकॉर्डर. बाकीच्या क्लासांत बाई टेबलावर पट्टी आपटून ताल देतात. आमच्याकडे कॅसेट लावतात. एकच कॅसेट. बँडची निवडक बारा हिट गाणी, एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा.

"त्यांच्या बाकीच्या कॅसेटी घेऊ नका," असं ती दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगते, जणू तो कॅसेटी घ्यायलाच आलाय. "त्यात दोन गाणी बरी आणि उरलेलं भरताड. हा गाळून घेतलेला चहा आहे. चोथा कंपनीने ठेवून घेतलाय."

प्रत्येक गाण्याला तिने काम लावून दिलंय. पहिलं गाणं मशीनच्या मधल्या ओळीचं, दुसरं वरच्या ओळीचं, तिसरं आकड्यांचं. चौथं स्पीडचं, कारण त्याचा ढोल बरोब्बर मिनिटाला चाळीस शब्दांच्या चालीने वाजतो. मागच्या बाजूचं तिसरं गाणं रडकं आहे, ते रकाने आखून तक्ते टाइप करायला. "तक्ता करताना माणूस रडतोच. मग गाणं तरी कशाला हसरं?" बँडमध्ये चौघं आहेत. मावशीला त्यांची नावं येत नाहीत. कव्हरवरच्या फोटोवरून तिने त्यांना ढोलवाला, केसाळ्या, गळेकाढू आणि 'तो चौथा' अशी नावं ठेवलीयत. तो चौथा नेमकं काय वाजवतो ते तिला कळलेलं नाही, त्यामुळे चुकला की विद्यार्थ्याला ती 'चौथा' म्हणते.

पण तिचा खरा जीव त्या स्पीडच्या गाण्यात. दोन मिनिटं होऊन गेल्यावर त्यात एक जागा येते. ढोल चाललेला असतो, आणि मधेच एक ठोका गायब होतो. मावशी तिथे बोट वर करते, डोळे मिटते, एक श्वास सोडते आणि म्हणते, "ऐकलंत? एक ठोका सोडून दिला! वाजवणं कुणालाही येईल हो, सोडून देणं जमलं पाहिजे."

आणि मी दर वेळी खिडकीबाहेर बघते.

कारण तो ठोका ढोलवाल्याने सोडलेला नाही. तो मी कापलाय.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि मावशी मला इथे घेऊन आली. त्याच आठवड्यात तिने ती कॅसेट आणली होती. ती आंघोळीला गेली, आणि मला सांगितलं होतं 'हात लावू नकोस', म्हणून मी हात लावला. चौथ्या गाण्यात टेपरेकॉर्डरने टेप गिळली. ओढून काढली तर मधला तुकडा असा चुरगळला होता की पाचावर धारण बसली. मग मी मावशीच्याच कात्रीने तो तुकडा कापला, तेवढीच चिकटपट्टी मधे लावून दोन्ही टोकं जोडली, पेन्सिल घालून गुंडाळलं आणि साळसूदपणे पुस्तक उघडून बसले. मावशी आली, ओल्या केसांनी पहिल्यांदा ती कॅसेट पुरती ऐकली, आणि त्या जागेला तिचा हात वर गेला तो गेलाच. टेपला पाठही असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मागच्या बाजूच्या रडक्या गाण्यातलाही एक शब्द अर्धा गेला. मावशीने त्याचाही अर्थ लावला. "गळेकाढूचा गळा दाटून आलाय बिचाऱ्याचा."

एकदा रेडिओवर तेच स्पीडचं गाणं लागलं, अख्खं. मावशीने ते कान देऊन ऐकलं आणि रेडिओ फाडकन बंद केला. "मेल्यांनी मधला श्वास बुजवून टाकला. नोकरीला कुणाला ठेवतात कोण जाणे!"

अकरा वर्षं हे असं चाललं. तो तुकडा मी टाचण्यांच्या डबीत ठेवला होता. कशाला, ते विचारू नका. टाकवला नाही, एवढंच.

यंदा आमच्या क्लासमधून अकरा जण परीक्षेला बसले. एक दवाखान्यातली नर्स, एक बसकंडक्टर, शिंप्याची सून, निवृत्त झाल्यावर हौस आलेले एक पोस्टमन आजोबा, आणखी सहाजण आणि मी. परीक्षा गावातल्या मोठ्या शाळेत, परक्या मशिनांवर आणि अर्थातच कॅसेटशिवाय. सगळं झकास झालं. आजोबा तर म्हणाले, "डोक्यात गाणं सुरू केलं आणि हात आपोआप चालले."

तीन आठवड्यांनी निकालाऐवजी परीक्षा खात्याचे साहेब आले. हातात फाइल, कपाळावर आठ्या. आम्हा अकराही जणांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी आमचे स्पीडचे अकरा पेपर टेबलावर ओळीने मांडले.

"बाई, नववी ओळ बघा. 'व्यवस्थापन' या शब्दाच्या मधे एक जागा रिकामी सुटलीय. अकराच्या अकरा पेपरांत. त्याच शब्दात. यंदा पहिल्यांदाच एका क्लासचे सगळे पेपर एकाच परीक्षकाकडे गेले, म्हणून लक्षात आलं. पेपर आधी फुटला होता, तुम्ही चुकीच्या प्रतीवरून सराव करून घेतलात, असं खात्याचं म्हणणं आहे."

"कॉपी केली म्हणता?" मावशी म्हणाली. "अहो, रिकामी जागा कॉपी कशी करतात ते तरी सांगा. मलाही शिकायचंय."

कंडक्टर फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पत्राकडे बघितलं. "पटेल असं कारण आज मिळालं नाही, तर हे पत्र मला काढून न्यावं लागेल."

मावशीचा चेहरा पडला. सव्वीस वर्षांचा क्लास. तिला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही. ती एकेक पेपर उचलून बघत होती आणि पुटपुटत होती, "असं कसं होईल? अकरा जण एकदम चौथे कसे होतील?"

मी नववी ओळ बघितली. मनात गाणं सुरू केलं, बोटं मांडीवर चालवली, आणि 'व्यवस्था' म्हणेपर्यंत दोन मिनिटं झाली. ठोका गेला. अंगठा आपोआप मांडीवर पडला, जिथे मशीनवर स्पेसबार असतो. म्हणजे हा घोटाळा माझ्या कात्रीचा.

तरी पहिल्यांदा मी चलाखीच केली. खोटं कशाला बोलू? म्हटलं, कबूल न करता सुटतोय का बघू. "साहेब, आम्ही कुणीच न बघितलेला एखादा कागद द्या ना. आत्ता तुमच्यासमोर टाइप करतो."

त्यांनी बॅगेतून गटारांच्या दुरुस्तीबद्दलच्या कुठल्याशा परिपत्रकाचा गठ्ठा काढला. मावशीने त्याच्या प्रती वाटल्या, साहेबांनी घड्याळ बघितलं आणि अकरा मशीन सुरू झाली. टेपरेकॉर्डर बंद. खोलीत नुसता खडखडाट. साहेब रांगांमधून फिरत होते. आणि दोन मिनिटं होऊन गेल्यावर अकराही मशीन एकदम गप्प झाली. एक श्वासभर. मग पुन्हा खडखडाट.

साहेब जागच्या जागी थांबले. कागद काढले. नववी ओळ. या वेळी 'गटारांची'च्या पोटात रिकामी जागा, अकराही कागदांवर.

"आता कळलं!" मावशी उठलीच. तिच्या तोंडावर असा आनंद, की पेपर फुटला असता तरी चाललं असतं. "अहो साहेब, हा गाण्यातला श्वास आहे! माझ्या मुलांच्या हातात उतरलाय!" तिने कॅसेट लावली, योग्य जागी बोट वर केलं, डोळे मिटले. ठोका गेला. "ऐकलंत?"

साहेबांनी ऐकलं. त्यांच्या आठ्या एकाने वाढल्या. "बाई, हीच बारा गाण्यांची कॅसेट माझ्याकडे आहे. रोज सकाळी दाढी करताना ऐकतो. तिच्यात असं काही नाही."

"मग तुमची सदोष असणार."

"माझी? मी तुम्हाला ढोलाचा ठोका न् ठोका म्हणून दाखवतो!"

आणि सरकारी माणसाने आमच्या टेबलावर ढोल वाजवायला सुरुवात केली. मावशी त्याच्या समोर वाजवायला लागली. तो त्या जागी ठोका मारत होता आणि ही हात वर धरत होती. "मारू नका तिथे!" "आहे तो ठोका, बाई!" "असेल तुमच्या घरी!" पोस्टमन आजोबांनी मधे पडून पाणी दिलं, तेव्हा कुठे दोघं थांबले.

साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि फाइल उघडली. "गाण्यात नसलेली गोष्ट गाण्यामुळे झाली म्हणता. मग मी कागदावर काय लिहू? माझा नाइलाज आहे." त्यांनी कंडक्टरला ते पत्र भिंतीवरून उतरवायला सांगितलं.

कंडक्टर खुर्चीवर चढला. मावशीने टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. तो हात बघून मला राहवेना.

"थांबा!" मी ओरडले आणि मागच्या खोलीत पळाले. टाचण्यांची डबी आणून टेबलावर उपडी केली. टाचण्या, एक बटण, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी तपकिरी, चुरगळलेली टेप. "हा तुमचा ठोका. मी कापला. मावशी, तू आंघोळीला गेली होतीस. मी नऊ वर्षांची होते. मावशी, मला माफ कर."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. म्हणजे पडतही होत्या, टेबलावरून. साहेबांनी कॅसेट काढली, पेन्सिलीने टेप हळूहळू ओढली. पिवळी पडलेली चिकटपट्टी बाहेर आली, आणि त्यांच्या हातातच सुटली. त्यांनी डबीतला तुकडा दोन टोकांच्या मधे धरून बघितला. मग बराच वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते मोठ्याने वाचलं नाही, पण लिहिताना मिशीतल्या मिशीत हसत होते. पत्र भिंतीवरच राहिलं.

मावशी मात्र माझ्याशी बोलेना. चार दिवस. घरात आम्ही दोघीच, तरी ती "कुणाला चहा हवा असेल तर ओतून घ्यावा" असं कपाटाकडे बघून म्हणायची. मीही कपाटालाच "बरं" म्हणायचे. तुटलेली कॅसेट आणि डबी तिने स्वतःच्या उशाशी ठेवली होती. मला वाटलं, माझ्यावरून तिचा जीव उडाला. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गाण्यावरूनही.

पाचव्या दिवशी खात्याचं पाकीट आलं. अकरा पास झाल्याची पत्रं, आणि सोबत साहेबांची स्वतःची कॅसेट, अख्खी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वर्गात कृपया हीच लावावी.'

पत्रं न्यायला आलेल्या सगळ्यांना मशीनवर बसवून मावशीने ती लावली. चौथं गाणं आलं. दोन मिनिटं झाली. नर्सचे, कंडक्टरचे, आजोबांचे हात सवयीने थबकले आणि ढोल त्यांना सोडून पुढे निघून गेला. सगळे एकदम अडखळले. मावशीने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात वरही केला नाही, नुसती ऐकत राहिली.

वर्ग सुटल्यावर ती मागच्या खोलीत आली. तुटलेली कॅसेट, ती डबी, चिकटपट्टी आणि कात्री माझ्यापुढे ठेवली.

"जोड," ती म्हणाली. चार दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मी घाईघाईने डबीतला तुकडा काढला, नखाने सपाट करायला लागले. "अगदी होती तशी करून देते, मावशी. एकही ठोका जाणार नाही."

तिने माझ्या हातावर फटका मारला आणि तो तुकडा परत डबीत टाकला.

"त्याला कोण विचारतंय? साहेबांचं गाणं वर्गात. हे घरात. तू आलीस त्या आठवड्यापासून या घरात ते असंच वाजतंय, कार्टे. असंच जोड."