पलटणीचा स्थापना दिवस

निवृत्त होऊन नाशिकला आलो, त्या वर्षी पलटणीचा स्थापना दिवस मी पहिल्यांदाच घरी काढला. सकाळपासून चैन पडेना. बूट दोनदा पॉलिश केले. काही काम नसताना द्वारका चौकापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

शेवटी बायकोनं विचारलं, "काय हरवलंय तुमचं?"

मी म्हणालो, "आज तिकडं बडाखाना असतो. सगळी पलटण एकत्र जेवते. साहेब लोक स्वतः हातात पळी घेऊन जवानांना वाढतात. जुनी रीत आहे आमची."

"चांगली रीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही एवढी वर्षं तिकडं होतात, तेव्हा इथं मला कोणी वाढलं नाही."

ती सहज बोलली होती, पण मी उठलो. तिला बसवलं आणि भात-आमटी वाढली. आधी ती लाजली, मग तिनं पुन्हा भात मागितला. मला बरं वाटलं.

तरीही दुपारी डोळा लागला नाही. तिकडं आता कबड्डीचे सामने सुरू झाले असतील, या विचारानं मी संध्याकाळपर्यंत गॅलरीत येरझारा घालत राहिलो.