तिन्ही जोर एकाच दिवशी

टिपणीस साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कोन गावातल्या घरी. आमचे हे पनवेलला, साहेब नोकरीला होते त्याच कारखान्यात वेल्डर होते. हे गेले त्या आठवड्यात साहेब भेटायला आले. निघताना म्हणाले, "वहिनी, तो सांगायचा, तुम्ही पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात या. वाचायला पुष्कळ आहे."

तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांची ड्रॉइंगं सांभाळली. आता साहेब पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात मोठमोठे इंजिनिअर लिहितील. मी सातवी शिकलेली, मला समजलं तेवढं लिहिते.

रासायनिक कारखान्यांतल्या, आत दाब असणाऱ्या उंच टाक्या आखणं हे साहेबांचं काम. पाइप जोडायला टाकीला भोक पाडून नोझल बसवतात. भोकामुळे पत्रा तिथे दुबळा होतो, म्हणून भोवती जाड पोलादी पॅड वेल्ड करतात. "काजाभोवती दोरा भरता ना, तसं," असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. काजं मी शेकड्यांनी केली होती. पुढचं सोपं झालं.

सही करण्याआधी प्रत्येक ड्रॉइंग ते मला तोंडी समजावून सांगत. ही त्यांची पद्धतच होती.

एकदा उरणच्या कारखान्याचा टॉवर, म्हणजे अशीच एक उंच टाकी, आमच्याकडे होता. आमच्या कारखान्याच्या मालकांना, शेठना, घाई, म्हणून सहीआधीच पत्रे वळून भोकांच्या जागा आखून झाल्या होत्या. साहेब मला सांगत होते, "आतला दाब, पास. वाऱ्याचा जोर, पास. पाइपची ओढ, पास." आणि एकदम थांबले. "वहिनी, हे तिन्ही एकाच दिवशी आले तर?"

"न कळवता आलेल्या पाहुण्यांसारखं होईल, साहेब."

"आणि मी तिघांना वेगवेगळं जेवायला घातलंय!" असं म्हणत ते वर्कशॉपकडे धावलेच. मी मागून.

फिटर बाळाराम गॅस कटर घेऊन उभे होते. "साहेब, आमी गॅस पेटवलाय, आन तुमी थांबा बोलताव?"

"विझवा, बाळाराम. चूक माझी आहे."

तिन्ही जोर एकत्र धरले तर पॅड मोठं हवं होतं, आणि मोठं केलं की शेजारच्या नोझलच्या पॅडला भिडत होतं. त्या नोझलची जागाच बदलायला हवी होती. एकदा भोक पडलं असतं तर पत्रा वाया गेला असता, किंवा, साहेबांना भीती होती ती हीच, कोणीतरी "चालेल" म्हटलं असतं.

शेठ तापले. "गाडी ठरली, क्रेन ठरली! वहिनींना विचारून डिझाइन करता काय? आणि एवढा वारा येतो कधी?"

"विचारत नाही, सांगतो. त्यांना सांगताना मला काही गुंडाळता येत नाही. आणि वारा येईल त्या दिवशी खाली माणसं असतील, शेठ."

टॉवर उशिराच गेला. दिवाळीला शेठ मिठाई घेऊन आले आणि अर्धा खोका माझ्या टेबलावर ठेवला. "ही ऐकण्याची फी!" साहेब खो खो हसले.

आणखी एक सांगायचं आहे. आमच्या घरात यांचं नाव कोणी घेईनासं झालं होतं, मला रडू येईल म्हणून. साहेब मात्र ऑफिसात सहज म्हणत, "तो असता तर हा जोड बघत राहावा असा मारला असता." मला बरं वाटायचं. अजून वाटतं.

टॉवर उभा राहिल्यावर साहेबांनी मला उरणला नेलं. सगळे वर बघत होते. साहेब खाली बघत होते. टॉवरच्या सावलीत कामगार डबे उघडून जेवत बसले होते, कोणाच्या तरी सुकटीवरून थट्टा चालली होती. साहेबांनी मला म्हटलं, "चला, आपणही इथेच बसू," आणि त्या मोठ्या पॅडच्या नोझलच्या बरोबर खाली आपला डबा उघडला.

आज तिथे दुसरी माणसं जेवत असतील. त्यांना साहेबांचं नाव ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. मला आहे. म्हणून त्यांच्याही वतीने मीच मागते. टिपणीस साहेबांना निरोगी, भरपूर वर्षं लाभोत, आणि रोज दुपारी असंच निवांत, चार माणसांत बसून जेवता येवो.