गावच्या माईकवर आईचं नाव

माझी आई नटी होती.

अभिनेत्री, कलाकार, रंगकर्मी वगैरे तुम्ही म्हणा. ती स्वतःला नटीच म्हणायची, आणि मान ताठ ठेवून म्हणायची.

काल पहाटे ती गेली. झोपेत, त्रास न होता.

आणि आज सकाळी घरच्या ग्रुपवर सुरेशकाकांनी, म्हणजे बाबांच्या चुलतभावांनी, नाक्यावर लावायच्या बॅनरचा मजकूर टाकला.

"प्रेमळ, धार्मिक, कुटुंबवत्सल. परिस्थितीशी झगडत काही काळ नाटकांतून कामे केली."

परिस्थिती? कसली परिस्थिती?

नारळ-सुपारीची वाडी होती, बाबांना सरकारी नोकरी होती. चूल पेटावी म्हणून आई स्टेजवर उभी राहिली नाही. तिला लोकांना हसवायला आवडायचं, गायला आवडायचं. एवढंच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं.

धार्मिक तर ती नव्हतीच. आरतीला टाळ वाजवायची, ते बाकीच्यांचा ताल चुकतो म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जत्रेला गावची मंडळी नाटक बसवतात. पुरुषांची कामं गावातलेच करतात, बाईच्या कामाला नटी बाहेरून आणतात. गावच्या लेकीसुनांनी गावच्या स्टेजवर उभं राहायचं नाही, ही रीत.

दुसऱ्या गावची सून चालते.

आई ही अशी बाहेरून आणलेली नटी. संगीत विनोदी नाटक म्हटलं की तिचंच नाव निघायचं. दुपारी पोचायचं, पेटीवाल्याबरोबर गाणी बघायची, एक रिहर्सल, की जेवणं उरकल्यावर नाटक. हँडबिलावर "कु. मालती". मी दहावीला होते तेव्हाही कु.च.

बाबा स्कूटरवरून तिला अलिबाग स्टँडला सोडायचे. वाटेत कोणी विचारलं तर सांगायचे, "माहेरी चाललीय."

त्या हिशोबाने आईचं माहेर उरणला होतं, माणगावला होतं, आणि जत्रांच्या दिवसांत रोज नवं निघत होतं.

उरणकडच्या एका गावात हिरो होता ट्रेलर चालवणारा. पहिल्याच प्रवेशात गडी ब्लँक. आईने कमरेवर हात ठेवले.

"धनी, बोला की! घरी बायकोपुढे पण असंच तोंड शिवून बसता?"

त्याची खरी बायको समोरच बसलेली. ती ओरडली, "व्हय गो बाय, असाच बसतो!"

मांडव हसून हसून लोळला, आणि तेवढ्यात प्रॉम्प्टरने गड्याला वाक्य पुरवलं.

फक्त आमच्या गावात तिचं नाटक कधी झालं नाही. आमच्याकडे नटी पनवेलहून यायची.

एका जत्रेला ती पनवेलवाली वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. दिवेलागणीला अख्खं नाट्यमंडळ आमच्या अंगणात. पुढे सुरेशकाका, तेव्हाचे अध्यक्ष.

"वहिनी, आता तुम्हीच तारा. गावच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"येते. पण माईकवर माझं नाव सांगायचं. आडनावासकट. कुणाच्या घरची सून, तेही."

"त्ये कशाला आता..."

"मग तुम्ही नेसा लुगडं, भावोजी."

काका कबूल झाले. पण माईक हातात आल्यावर त्यांची जीभ वळेना. "आजच्या नाटकात अलिबागच्या एक कलाकार..." एवढ्यावर उरकायला गेले.

पडदा उघडलाच नाही.

पडद्यामागे आई मेकअपच्या पेटीवर मांडी घालून बसली होती. पडद्याची दोरी तिच्या हातात. मी तिच्या वेणीत गजरा खोचत होते.

"भावोजी, मला काही घाई नाही," एवढंच म्हणाली.

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी काकांनी घसा खाकरला आणि सांगितलं. नाव, आडनाव, "आमच्या घरची सून".



मग पडदा वर गेला. काम मोलकरणीचं. पहिलं वाक्य होतं, "मालक आहेत का घरात?" आईने ते म्हटलंच नाही. समोर बसलेल्या गावाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाली,

"एवढी माणसं घरात, आणि दार मीच उघडायचं होय?"

सगळ्यात आधी बाबा हसले. मग सगळं गाव. तिच्या गाण्याला वन्स मोअर आला, तिने तो घेतला, तर परत आला.

तुम्हाला वाटेल, रीत मोडली. छे! पुढच्या वर्षी परत पनवेलहून नटी. आईला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मला फार राग आला होता. अजूनही आहे.

आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि त्या पोरीच्या गाण्याला सगळ्यात मोठ्याने वन्स मोअर दिला. बाहेरच्या नटीला शाळेच्या वर्गात उतरवायची पद्धत होती. ती मात्र आईने मोडलीच. त्या वर्षापासून आलेली प्रत्येक नटी आमच्या घरी जेवली, माजघरात झोपली. आई दारातच सांगायची, "माहेरी आलीस."

आणि अशा बाईच्या बॅनरवर "परिस्थिती"?

मी मजकूर बदलला. नाव, आडनाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत: संगीत विनोदी नाटकांतली नटी.

काकांचा लगेच फोन. "पोरी, नटी काय लिवतेस? लोकं काय म्हणतील?"

"लोकं वन्स मोअर म्हणाली होती, काका. माईक तुमच्याच हातात होता."

काका नाक ओढत म्हणाले, "फोटो त्यो मोलकरणीचा लाव. त्यात ती चांगली दिसते."

तोच लावलाय. नाक्यावरून जाताना बघा. हसू आलं तर हसा, तिला चालेल.

आई, तुला वाकून नमस्कार.

आणि आता कोणी विचारलं तर माहेरी गेलीय असं आम्ही सांगणार नाही.

नाटकाला गेलीय.