भरून परत आलेली वाटी

तुर्कस्तानातून येऊन उभी हयात जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत घालवलेल्या माणसाला खीर ढवळणं काय जड जाणार, असं दुर्सुनला वाटलं होतं. पण बायको गुलीझार गेल्यानंतरची ही पहिलीच आशुरे, मोहरमची खीर, आणि गहू, हरभरे, जर्दाळू यांनी मिळून म्हाताऱ्याला रडकुंडीला आणलं. ही खीर एकट्याने खायची नसते, वाटायची असते. गुलीझार होती तेव्हा अख्ख्या इमारतीत वाट्या फिरायच्या. आता ओळखीचं एकच दार उरलं होतं, तळमजल्यावरच्या एवाल्डचं.

एवाल्ड जर्मन, खाणीतला जोडीदार. रोज सकाळी पायरीवर बसून दोघं आपापल्या गुडघ्यांना शिव्या देत. दुर्सुनचा मुलगा नातवासह श्टुटगार्टला, त्याचा फोन रविवारी. एरवी दुर्सुनशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

खिरीवर घालायला डाळिंब आणून तो परतला, तर एवाल्डच्या खिडकीत परदेशी लोकांना हाकलायला निघालेल्या त्या पक्षाचं निळं पोस्टर. 'पाहुणचार संपला. घरी जा.' तरी वाटी घेऊन तो खाली गेलाच.

"हरभरे घालून गोड खीर! तुम्ही लोक काही सुधारणार नाही," एवाल्ड दरवर्षीचंच बोलला. दरवर्षी दुर्सुन हसायचा. यंदा हसू फुटेना.

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हे एवाल्डला गुलीझारनेच शिकवलेलं. भरून आली तर आपण अजून शेजारी, रिकामी आली तर संपलं सगळं, असं दुर्सुनने मनाशी ठरवून टाकलं. तो पायरीवर जाईना. जिन्यात पावलं वाजली की मात्र कान टवकारायचा.

चार दिवसांनी बेल वाजली. दारात एवाल्ड, हातात वाटी, वाटीत शिगोशीग चेरी.

"कुठे तोंड लपवून बसलायस? पोस्टर बघून रुसलास होय? अरे खुळ्या, ते तुझ्यासाठी नाहीये!"

"मग कुणासाठी?"

"ते दुसरे रे. तू आमचाच. उद्या काही झालंच, तर मी सांगेन त्यांना, दुर्सुनला हात लावायचा नाही म्हणून."

"आणि माझा नातू? रस्त्यात त्याला कोण ओळखणार, हा दुर्सुनचा म्हणून?"

एवाल्डने वाटी पुढे केली. "पिकल्यात फार. आजच संपव."

त्याची पावलं जिना उतरून गेली. दुर्सुन वाटी धरून दारातच उभा राहिला. रिकामी आली असती तर भांडता तरी आलं असतं. भरल्या वाटीशी भांडायचं कसं? इतकं एकटं त्याला गुलीझारला पुरून आला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी खाली एवाल्ड होता.

त्याने एक चेरी तोंडात टाकली. गोड होती. बाकीच्या ताटलीत ओतून, वाटी धुऊन, पुसून त्याने फडताळात ठेवली, अगदी मागे, जिथे आता कुणाचा हात पोचणार नव्हता.